मेण लावायच्या आधी तेल उतरवा: सायकलच्या चेनची नव्यांसाठी माहिती

गेल्या रविवारी इंदूरजवळच्या रालामंडलहून सायकलने परतताना आम्ही छप्पन दुकानवर पोहे खायला थांबलो. महिन्याभरापूर्वी आमच्या गटात आलेली एक मुलगी उजव्या पोटरीवरचा काळा पट्टा रुमालाने पुसत बसली होती. पट्टा काही निघाला नाही, रुमाल मात्र वाया गेला. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमची चेन पायाला लागत नाही का?"

लागते ना. पण माझ्या चेनवर तेल नाही, मेण आहे. मेण सुकलं की घट्ट होतं, त्याला धूळ चिकटत नाही, म्हणून पायालाही काही लागत नाही. पोहे संपेपर्यंत तिला एवढंच सांगता आलं. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण हे काम अर्धवट माहितीवर केलं तर फुकट जातं आणि माणूस "मेणात काही दम नाही" म्हणून परत तेलाकडे वळतो. असे चार-पाच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यातल्या एकानेही चेनवरचं जुनं तेल नीट काढलेलं नव्हतं.

चेन नेमकी कुठे झिजते

आज आपण वापरतो त्या रोलरच्या चेनची घडण 1880 सालची आहे. हान्स रेनॉल्ड यांनी ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरला केली. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि दात्यावर बसणारा गोल रोलर. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. गियरच्या सायकलच्या चेनला अशा साधारण 110 ते 116 कड्या असतात.

कडी वाकते तेव्हा पिन आतल्या पट्टीच्या भोकात किंचित फिरते. झीज होते ती तिथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जागेत. प्रत्येक पिनेपाशी केसाएवढी जागा वाढली की सगळ्यांची बेरीज होऊन चेन लांब होते. आपण म्हणतो "चेन ताणली", पण पोलाद ताणलेलं नसतं, भोकं मोठी झालेली असतात. लांबलेली चेन मग कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गियरच्या चकत्यांचे, दातेही खाऊ लागते, आणि कॅसेट चेनपेक्षा खूप महाग.

झीज करते धूळ. माळव्याच्या काळ्या मातीची मे महिन्यात पिठासारखी भुकटी होते. सुपर कॉरिडोरच्या कडेने गेलात तर त्यात बांधकामांचं सिमेंट आणि वाळूही असते. ओल्या तेलावर ही धूळ बसते, तेलाबरोबर आत शिरते, आणि पिनेपाशी घासकागदाचा लगदा तयार होतो. पोटरीवरचा काळा पट्टा म्हणजे तोच लगदा.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली चेनची कार्यक्षमता मोजली. चेन चालत असताना कुठे किती तापते ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहिलं. उत्तम स्थितीत 98.6 टक्के ताकद चेन मागच्या चाकापर्यंत पोचवते, असं निघालं. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनला वंगण लावलं काय आणि न लावलं काय, त्यांना फारसा फरक दिसला नाही. रस्त्यावर वंगणाचं एक मोठं काम धूळ आत जाऊ न देणं हे असतं, असं त्यांनी म्हटलं. पुढचे सगळे निर्णय मी याच कसोटीवर घेतो: यामुळे धूळ पिनेपर्यंत जाईल की बाहेर राहील?

म्हणूनच पूर्ण चेनकव्हर असलेल्या जुन्या काळ्या सायकलीला मेण लावायची गरज नाही. तिथे धूळ अडवायचं काम कव्हर करतं. महिन्यातून एकदा तेल सोडा, ती वर्षानुवर्षं चालते. उघड्या चेनच्या सायकलीसाठी पुढे वाचा.

मेण कुठलं घ्यावं

दोन मार्ग आहेत. एक, बाटलीतलं थेंबाचं मेण. यात मेणाचे बारीक कण पाण्यात किंवा एखाद्या उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले असतात. थेंब टाकायचे, द्रव उडून जातो, मेण आत राहतं. दुसरा, घन मेण वितळवून त्यात अख्खी चेन बुडवायची. या गरम मेणाने चेन जास्त स्वच्छ राहते आणि एकदा लावलेलं जास्त दिवस टिकतं, पण दर वेळी चेन सायकलवरून काढावी लागते.

तुम्ही आठवड्याला 50-60 किलोमीटर चालवत असाल, घरी वेगळी भांडी ठेवायला जागा नसेल, चेन काढायची भीती वाटत असेल, तर थेंबाचं मेण घ्या. आठवड्याला 150 च्या वर जात असाल तर गरम मेणच परवडतं. एक किलो मेण मला एकट्याला वर्षाहून अधिक पुरतं.

थेंबाच्या मेणात एक फसगत होते. बाटलीवर 'वॅक्स' लिहिलेलं असतं आणि आत निघतं मुख्यत: तेल, नावापुरतं मेण. 'ड्राय लूब' (कोरडं वंगण) लिहिलेली प्रत्येक बाटलीही मेणाची नसते. खात्री करायला एक साधी परीक्षा करा. काचेच्या तुकड्यावर किंवा स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर कोरडी, नखाने खरवडता येईल अशी साय आली असेल तर ते मेण. बोटाला ओलसर लागलं आणि पसरलं, तर ते तेल. दक्षिण आफ्रिकेतलं 'स्क्वर्ट' हे पाण्यातल्या मेणाचं जुनं, माहितीतलं नाव आहे. मी सुरुवात त्यानेच केली आणि अजूनही एक बाटली घरात असते. दुकानात नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा.

गरम मेणासाठी सायकलींच्या कंपन्यांची तयार मिश्रणं मिळतात. त्यात मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनची वंगण भुकटी घातलेली असते आणि किंमत भरपूर असते. नव्या माणसाने साधं पॅराफिन मेण घ्यावं. मेणबत्त्या करणारे वापरतात तेच, पांढऱ्या पाट्यांच्या रूपात मिळतं. मी सियागंजातून आणतो. मागताना 'फुली रिफाइंड' मागा, कारण कमी शुद्ध केलेल्या मेणात तेलाचा अंश जास्त राहतो आणि तेल तर आपल्याला नकोच आहे. पाटीवर किंवा पोत्यावर 58/60 किंवा 60/62 असे आकडे असतात. ते वितळण्याचं तापमान. दोन्ही चालतात.

देवघरातल्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवू नका. त्यात रंग, सुवास आणि कडकपणासाठी घातलेले इतर पदार्थ असतात. मधमाश्यांचं मेण चिकट असतं, धूळ धरतं. पेट्रोलियम जेली तर ग्रीसचीच बहीण. काही जण पॅराफिन मेणात थोडं द्रव पॅराफिन घालतात, म्हणजे मेण कमी गळतं. मी दोनदा करून पाहिलं. चेन मऊ चालते पण धूळ धरायला लागते, म्हणून सोडून दिलं.

आधी चेन मोजा

झिजलेल्या चेनला मेण लावण्यात वेळ घालवू नका. स्टीलची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर 12 इंचांवर 24 व्या कडीची पिन यायला हवी. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन सुमारे अर्धा टक्का लांबली आहे. 11 किंवा 12 गियरच्या कॅसेटला इथेच नवी चेन घ्यावी. 8-9 गियरच्या सायकलीला अजून थोडे दिवस मिळतील. आठवा भाग पुढे गेली असेल तर उशीर झाला, कॅसेटही बहुधा गेली.

सगळ्यात सोपं म्हणजे नवी चेन घ्याल तेव्हाच मेणाला सुरुवात करा. जुन्या चेनच्या पोटातली माती पूर्ण निघाली की नाही हे सांगणं कठीण असतं.

तेल उतरवणे

आता मुख्य काम. मेण लावणं कुणालाही जमतं. सगळी कसोटी इथे आहे.

नव्या चेनवर कंपनीचं ग्रीस असतं. ते चेन गंजू नये म्हणून लावलेलं असतं, चिकट असतं आणि पिनेपर्यंत भरलेलं असतं. त्यावर मेण लावलं तर मेण धातूला धरत नाही. शिवाय तेलात मेण विरघळतं आणि एक मऊ राखाडी चिखल तयार होतो. तो ना तेलाचं काम करतो ना मेणाचं. बाहेरून चेन चकचकीत दिसली तरी समाधान मानू नका, आत बघायला डोळा पोचत नाही.

चेन काढायच्या आधी मोबाईलने दोन फोटो घ्या: मागच्या डिरेलरमधून (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) चेन कशी जाते त्याचा, आणि चेनवरची अक्षरं कोणत्या बाजूला आहेत त्याचा. डिरेलरच्या पिंजऱ्यात एक छोटी पत्र्याची जीभ असते. परत बसवताना चेन तिच्या चुकीच्या बाजूने घातली की खरखर आवाज येतो आणि तासभर कारण सापडत नाही. गियरच्या चेनला क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी जोडकडी, असते, ती उघडायला खास पक्कड मिळते. ती विकत घ्या. साध्या पकडीने ओढाताण करून पट्टी वाकवू नका. काही कंपन्यांच्या 10, 11 आणि 12 गियरच्या क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, तिथे वाचून मगच परत लावा. जिची लिंक पुन:पुन्हा उघडता येते अशी चेन मेणवाल्यांना सोयीची. बिनागियरच्या सायकलीला स्प्रिंगची क्लिप असते. ती परत लावताना क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी.

सामान असं लागतं: रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन अर्धा ते एक लिटर, पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट पाव ते अर्धा लिटर, झाकणाची रुंद तोंडाची एक बरणी, रबरी हातमोजे आणि जुन्या स्पोकचा वाकवलेला आकडा. बरणी पुन्हा खाण्याच्या वस्तूंना वापरायची नाही, तिच्यावर ठळक लिहून ठेवा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ घरभर पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेल मिळालं तरी मागे तेलकट थर सोडतं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, तेही नको. गंज काढायची आम्लं तर चेनपासून लांबच ठेवा, कडक पोलाद त्यांनी ठिसूळ होऊन तडकू शकतं.

हे काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा. जवळ गॅस, उदबत्ती, बिडी काही नको. स्पिरिट विषारी असतं, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

चेन बरणीत टाका, ती बुडेल इतकं टर्पेंटाइन ओता, झाकण लावून पाच मिनिटं हलवा. अर्धा तास तशीच ठेवा, पुन्हा हलवा. द्रव काळा होईल. तो एका वेगळ्या बाटलीत ओतून ठेवा आणि ताजं टर्पेंटाइन घ्या. दुसऱ्या वेळी चहासारखा रंग येईल. तिसऱ्या वेळी जवळजवळ स्वच्छ राहिला तर पुढे चला, नाहीतर चौथी वेळ करा. वापरलेल्या चेनला मला पाच-पाच वेळाही लागल्या आहेत. या कामात घाई करू नका, संध्याकाळी सुरू करून दुसऱ्या दिवशी सकाळी संपवलं तरी चालतं.

टर्पेंटाइनचा स्वत:चा पातळ थर मागे राहतो, तो स्पिरिटने काढायचा. बरणी पुसून घ्या, चेन स्पिरिटमध्ये पाच मिनिटं हलवा, ते ओता, ताजं घेऊन परत एकदा हलवा. मग चेन आकड्याला लटकवा. उन्हाळ्यात तासाभरात कोरडी होते, पावसाळी हवेत रात्रभर ठेवा.

आता परीक्षा. पांढऱ्या सुती कापडातून चेन दाबून ओढा, डाग पडता कामा नये. मग पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाका. पाणी सपाट पसरलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर अजून तेल आहे, परत टर्पेंटाइनपासून सुरू करा. स्वच्छ चेन हलवली की खणखणते आणि हाताला कोरडी, किंचित खरखरीत लागते. पाण्याची परीक्षा केल्यावर ती जागा स्पिरिटने पुसून टाका, कारण उघड्या पोलादाला गंज लगेच धरतो. याच कारणाने तेल उतरवलेली चेन आठवडाभर तशीच ठेवू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेण लावा.

चेन बाहेर आहे तोवर कॅसेट, पुढचं चक्र आणि डिरेलरची दोन छोटी चाकंही स्वच्छ करा. जुना टूथब्रश, टर्पेंटाइनचं फडकं, मग भांड्याच्या साबणाचं पाणी. दात्यांच्या फटीतलं काळं तेल राहिलं तर पहिल्याच फेरीत ते तुमच्या स्वच्छ चेनवर चढतं. मागच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये टर्पेंटाइन जाऊ देऊ नका, आणि डिस्क ब्रेक असतील तर डिस्कवर यातला एक थेंबही उडता कामा नये.

थेंबाचं मेण लावताना

चेन परत सायकलवर बसवा. बाटली जोरात हलवा, कारण मेण तळाला बसतं. चेनच्या खालच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. क्विक लिंकपासून सुरू करून क्विक लिंकवर संपवा, म्हणजे कुठून सुरू केलं ते विसरत नाही. वरून भसाभस ओतल्याने मेण आत जास्त जात नाही, बाहेर मात्र थर बसतो. मग पायडल हाताने उलटं दोन-तीन मिनिटं फिरवा.

आणि थांबा. रात्री लावा, सकाळी सायकल बाहेर काढा. नवी मंडळी सकाळी साडेपाचला निघताना थेंब टाकतात आणि पाच मिनिटांत रस्त्यावर येतात. द्रव उडालेला नसतो, चेन ओली असते, ओल्या चेनला धूळ बसते, मग मेण आणि तेल यांत फरक काय राहिला? पहिल्यांदा लावताना एकदा लावून सुकू द्या आणि दुसऱ्या रात्री परत एक हात द्या. सकाळी बाहेरचा जादा थर कोरड्या फडक्याने पुसून टाका.

गरम मेण

इथे आगीशी संबंध येतो, म्हणून आधी सुरक्षेचं. मेण कधीही थेट गॅसवर ठेवू नका. फार तापलं की त्याची वाफ पेट घेते. एका पातेल्यात पाणी, त्या पाण्यात मेणाचा स्टीलचा डबा, आणि खाली शक्यतो इंडक्शन, म्हणजे ज्योत नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, त्यामुळे मेण त्यावर जातच नाही. पाण्यातलं पातेलं हेच आपलं संरक्षण. पाणी आटू देऊ नका, आणि ते मेणात उडूही देऊ नका. चुकून मेण पेटलंच तर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडका उडतो. झाकण ठेवा आणि वीज बंद करा. झाकण आधीपासून हाताशी असू द्या. काम चालू असताना तिथून हलू नका. स्पिरिटची ओल असलेली चेन तापलेल्या मेणाजवळ न्यायची नाही, ती पूर्ण कोरडी हवी.

अर्धा किलो मेण डब्यात वितळवा. 100 अंशांपुढे जाणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर असला तर उत्तम. मेण 85 ते 90 अंशांवर आलं की चेन आकड्याला ओवून हळूच आत सोडा. बारीक बुडबुडे येऊ लागतील. पिनेपाशी अडकलेली हवा बाहेर पडून तिच्या जागी मेण जात असतं. चेन थंड असल्यामुळे सुरुवातीला तिच्याभोवतीचं मेण गोठतं, म्हणून लगेच बाहेर काढू नका. दहा मिनिटं राहू द्या, मधेमधे आकडा हलवा, चेन थोडी वरखाली करा. बुडबुडे थांबले की चेन आतून भरली.

आता माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित पायरी: चेन लगेच बाहेर ओढायची नाही. 90 अंशांचं मेण पाण्यासारखं पातळ असतं, बाहेर काढताच आतून गळून जातं. इंडक्शन बंद करा, डबा पाण्यातून बाहेर काढून ठेवा आणि मेण 65 ते 70 पर्यंत उतरू द्या. थर्मामीटर नसेल तर कडेला सायीसारखा पातळ पापुद्रा धरू लागेपर्यंत थांबा. मग चेन उचला, वर्तमानपत्रावर लटकवा आणि तासभर विसरून जा.

थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. झाडूच्या दांड्याभोवती किंवा पाइपवर चेन पुढेमागे ओढा, कडी न् कडी मोकळी होते आणि मेणाचे तुकडे गळतात. मग फोटो बघून सायकलवर बसवा. पहिले 20-30 किलोमीटर जरा जड वाटेल, पांढरी भुकटी गळेल, गियर किंचित अडखळतील. ते आपोआप थांबतं. म्हणून महूच्या पुढे पाताळपाणीला जायचं असेल तर आदल्या दिवशी मेण लावलेली चेन राजवाडा-पलासिया अशी एकदा शहरातच फिरवून आणा.

डब्यातलं मेण तसंच गोठू द्या, झाकून ठेवा, पुढच्या वेळी तेच. घाण तळाला बसते. मेण राखाडी दिसू लागलं की बदला.

पुन्हा कधी लावायचं

कोरड्या रस्त्यावर गरम मेण मी दर 300 किलोमीटरला लावतो, थेंबाचं दर 150 ला. आकडा लक्षात ठेवायला मोबाईलमधलं ॲप पुरतं. चेन किरकिरायला लागेपर्यंत थांबू नका, आवाज येतो तेव्हा पिनेपाशी धातूवर धातू घासू लागलेला असतो. पुन्हा लावताना टर्पेंटाइनची गरज नाही. चेन फडक्याने पुसा, गरम मेणवाल्यांनी तिच्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओता, जुनं मेण धुळीसकट निघून जातं. चेन कोरडी करा आणि थेट मेणात. एकदाची पहिली मेहनत घेतली की पुढची वर्षं इतकं सोपं असतं. मला हे काम आवडतं त्याचं कारणही हेच.

मेण पावसात दुबळं पडतं. ते गंजापासून तेलाइतकं संरक्षण देत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चांगला पाऊस असतो आणि काळ्या मातीचा चिखल लापशीसारखा चिकटतो. भिजून आलात तर त्याच दिवशी चेन पुसा, पंख्याखाली कोरडी करा, थेंबाचं मेण लावा. "उद्या करू" म्हटलं की सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसतो. रोज पावसातून ऑफिसला जाणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, पावसाळ्यात ओल्या हवामानाचं तेल लावा आणि दर आठवड्याला चेन धुवा, नवरात्रात परत मेणाकडे या. पण परतताना टर्पेंटाइनपासून सगळं नव्याने करावं लागेल हे मनात धरून चला. मी दोन चेन ठेवतो, एक मेणाची, एक पावसाची.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. दोन वर्षांपूर्वी बायपासवर पंक्चर काढायला थांबलो होतो. मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात दुकानातल्या पोराने कोरडी चेन बघून आपुलकीने तिच्यावर तेल सोडलं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण आदल्याच रात्री केलेलं सगळं काम गेलं, पुन्हा तीन वेळा टर्पेंटाइन, दोन वेळा स्पिरिट. तेव्हापासून मागच्या नळीवर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे, "चेन में तेल न डालें". सर्व्हिसिंगला देतानाही तोंडाने सांगतो.

वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बाटली चार-पाच दिवस न हलवता ठेवली की काळा गाळ तळाला बसतो. वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुढच्या चेनच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं. उरलेला गाळ आणि तेलकट चिंध्या नीट बंद करून सकाळच्या कचरा गाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, तो कप्पा वेगळा असतो. स्पिरिटच्या चिंध्या मात्र आधी उघड्यावर पूर्ण सुकवा. आणि जुनं मेण गरम असताना कधीही नळाखाली ओतू नका, पाइपात गोठतं. डब्यात गोठू द्या, मग सुरीने सोलून काढा.